तलावातली खुर्ची

आमच्या ड्रेक्स बेंड गावात मिस बर्नीला न घाबरणारं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि तिच्यावर जीव नसलेलंही. खरं नाव बर्नाडीन हुडाक. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, उंची बेताची, आवाज मात्र नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा. गळ्यात शिट्टी. पोहण्याचा तलाव बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी ही बाई चर्चलासुद्धा शिट्टी घालून जायची. फादर एकदा म्हणाले, "मिसेस हुडाक, इथे कोणी बुडत नाहीये." तशी ती म्हणाली, "तुमचं प्रवचन चालू असताना मला तसं वाटत नाही, फादर." फादर हसले, आणि पुढच्या रविवारी प्रवचन जरा आवरतं घेतलं.

हिवाळ्यात ती शाळेच्या स्वयंपाकघरात असायची आणि उन्हाळ्यात तलावावर. गावातल्या तीन पिढ्या तिच्या हाताखालून पाण्यात उतरल्या. तिची पद्धत ठरलेली. हात मारणं नाही, पाय झाडणं नाही, आधी तरंगायचं. पाठीवर झोप, कान पाण्यात जाऊ देत, आकाशाकडे बघ आणि गप्प राहा. असं तीन मिनिटं जो तरंगला त्याला खोल बाजूला जायची परवानगी, आणि बर्नीच्या पेटीतली एक नारिंगी आइसकँडी. ती कँडी दुकानात चार पैशांनाही कोणी घेतली नसती, पण त्या पेटीतून मिळाली की पोरं ती काठी महिनाभर खिशात बाळगायची. गिरणी बंद पडली, अर्धं गाव ओहायोला गेलं, पण गेलेल्या माणसांनासुद्धा ती कँडी आठवते.

सगळे तरंगले. एक सोडून.

लेनी व्हार्गो. नऊ वर्षांचा असताना बर्नीच्या तळहातावर तो लाकडाच्या फळीसारखा ताठ पडायचा, आणि तिने हात जरा सैल केला की थेट तिच्या मानेला मिठी मारायचा. तिच्या मानेवर ओरखडे उठायचे. एका दुपारी त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो चढून वर आला, टॉवेल उचलला आणि घरी गेला तो परत आलाच नाही. बर्नी त्याच्या घरी गेली. आईने तिला कोबी घातलेल्या नूडल्स वाढल्या, पोरगा माळ्यावर लपून बसला. बर्नी जिन्यावरून ओरडली, "लेनी, तुझी कँडी ठेवलीय." तरी तो खाली आला नाही. ते तिला लागलं. ती म्हणायची नाही, पण लागलं.

हा लेनी पुढे विम्याची एजन्सी काढून बसला, साठीला आला आणि गावाचा नगराध्यक्ष झाला. माणूस वाईट नाही हं. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिल्यांदा हॅमची थाळी घेऊन पोचणार तो लेनीच. फक्त तलावाच्या रस्त्याने जायचं असलं की वळसा घालून जायचा.

मग कोविड आला, गेला, आणि जाता जाता वॉशिंग्टनहून पैसे आले. देशातल्या सगळ्या गावांना आले तसे आम्हालाही आले. आमच्या नगरपालिकेला आजवर एकच प्रश्न पडायचा, काय बंद करायचं. आता पहिल्यांदाच प्रश्न पडला, काय करायचं. सगळ्यांना कंठ फुटला. अग्निशामकवाल्यांना नवी शिडी हवी. कोणाला नाताळची रोषणाई हवी. एका म्हाताऱ्याने तर पुलावर कारंजं मागितलं. पुलाखाली अख्खी नदी वाहतेय, आणि वर ह्याला कारंजं.

लेनीचं मात्र ठरलं होतं. तलाव बुजवायचा आणि तिथे गाड्या लावायला मोठा तळ करायचा. त्याचं कारणही होतं, उगाच नाही. आमचं गाव टेकडीवर चढत गेलेलं, रस्ते अरुंद, गॅरेज कोणाकडे नाही. बर्फ पडला की ज्याने त्याने आपल्या दारासमोरची जागा फावड्याने उपसायची, गाडी काढली की तिथे घरातली खुर्ची ठेवायची. ती जागा त्याची. खुर्चीला कोणी हात लावत नाही. मोडकी असो, तीन पायांची असो, खुर्ची म्हणजे खुर्ची. हलवली तर सकाळी तुमच्या गाडीवर पाणी ओतलेलं असतं आणि दार गोठून बसतं. त्यावरून भांडणं होतात, नाही असं नाही. खुद्द बर्नी आणि शेजारची कोनी डिलूका मागच्या हिवाळ्यापासून बोलत नव्हत्या. कोनीच्या बाहेरगावच्या भाच्याने बर्नीची पिवळी खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली, एवढंच झालं होतं. चाळीस वर्षं एकमेकींच्या घरी कुकीज भाजणाऱ्या बायका त्या, पण आता कचऱ्याचा डबासुद्धा दुसरीने आत नेल्यावर बाहेर काढायच्या.

"दर हिवाळ्यात माझ्या टेबलावर खुर्च्यांच्याच तक्रारी," लेनी म्हणायचा. "एकदा तळ झाला की खुर्च्या संपल्या, भांडणं संपली."

सभा अग्निशामक केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. लेंटचे दिवस, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे, त्यातून शुक्रवार, मटण वर्ज्य. खाली मासे तळण्याचा घाणा लागलेला आणि वर नगरसेवकांचं निम्मं लक्ष जिन्याकडे. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. टेबलावर कारकुनाने घरून आणलेला, अंडी उकडायचा कोंबडीच्या आकाराचा टायमर. कोंबडीची मान पिळली की वेळ सुरू.

बर्नीने भाषण पाठ केलं होतं. आठवडाभर सिंकसमोर उभी राहून भांड्यांना ऐकवलं होतं. लेनीने कोंबडीची मान पिळली. "तीन मिनिटं, मिसेस हुडाक."

बर्नी माइकपाशी आली आणि तिने समोर बघितलं. तेच चुकलं.

"कर्टिस, टोपी काढ," ती म्हणाली. "सभा आहे, गॅरेज नाही."

कर्टिस बेल, डंपर चालवणारा सहा फुटी गडी, त्याने निमूट टोपी काढली.

"आणि कोनी, त्या खिडकीत बसू नकोस. खोकत असतेस रात्रभर, भिंतीतून ऐकू येतं."

"माझा खोकला माझ्या मालकीचा आहे," कोनी म्हणाली.

"खुर्ची पण माझ्या मालकीची होती."

हॉलमध्ये हशा. मग एका नगरसेवकाला तिने च्युइंगगम थुंकायला लावलं. मग तलाव कोणी खोदला हे सांगायला लागली, ते सांगता सांगता खोदणाऱ्यांपैकी कोणाचं लग्न कोणाशी झालं तिकडे वळली, आणि लग्नातल्या कुकीजच्या टेबलावर पोचली तोच कोंबडी टर्रर्र वाजली.

"मी अजून तलावाचं बोललेच नाही," बर्नी म्हणाली.

"वेळ संपला, मिस..." लेनीची जीभ अडखळली. "मिसेस हुडाक. नियम सगळ्यांना सारखा."

मत घेतलं. तलाव बुजवायचा ठरला. पक्कं मतदान पुढच्या महिन्यात, पण महामार्गाच्या कामावरची माती फुकट मिळत होती, ती सोमवारपासून टाकून घ्यायला हरकत नाही असंही ठरलं. सगळे खाली मासे खायला गेले. बर्नी तशीच घरी गेली.

त्या संध्याकाळी तिला स्वतःचाच इतका राग आला की विचारू नका. जन्मभर पोरांना सांगितलं, पाण्यात बडबड करू नका, बुडाल. आणि ऐन वेळी आपणच बडबडून बुडालो. न जेवता बसली. मग बटाट्याचं सारण भरून लोण्यात परतलेले पिरोगी तेवढे खाल्ले, कारण ते टाकवत नाहीत.

रविवारी चर्चहून येऊन तिने गाडी लावायला पिवळी खुर्ची उचलली. स्वयंपाकघरातल्या टेबलाची ती शेवटची खुर्ची, तिच्या लग्नातली. तिच्यावर बसून अँडी, तिचा नवरा, गिरणीतून आल्यावर बूट काढायचा. खुर्ची हातात धरून ती रस्त्यात उभी राहिली. मग ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, शेजारी फावडं ठेवलं आणि निघाली.

तलावाच्या फाटकाची किल्ली तिने कधी परत केलीच नव्हती. उथळ बाजूच्या पायऱ्यांनी ती उतरली आणि उतारावरून खोल बाजूला गेली. बर्फ घोट्याच्या वर. तिने आधी फावड्याने मोटारीएवढी जागा नीट उपसली, कडेने बर्फाची रास लावली. न उपसलेल्या जागेवर ठेवलेल्या खुर्चीला किंमत नसते. हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. मग मधोमध खुर्ची ठेवली, दम खाल्ला आणि घरी आली. तिच्या दारासमोरच्या जागेत तोवर कोणाची तरी व्हॅन उभी होती. खुर्ची नाही म्हणजे जागा नाही. बर्नीने गाडी खाली चर्चपाशी लावली आणि दुखरे गुडघे घेऊन टेकडी चढली.

सोमवारी सकाळी मातीचा पहिला डंपर कर्टिस घेऊन आला. काठाला मागे घेतला, मागचं दार उघडायचा दांडा धरला आणि आरशात बघून तो न ओढताच सोडला. खाली उतरला. टोपी काढली.

"काय झालं?" कंत्राटदाराचा साहेब आला. माणूस बाहेरचा, मेरीलँडचा.

"खुर्ची आहे, साहेब."

"मग?"

"जागा उपसलीय. खुर्ची ठेवलीय."

"अरे, तलाव आहे तो. मोडकी खुर्ची आहे ती. माती टाक."

"टाकली असती," कर्टिस म्हणाला, "पण मी राहतो इथे."

साहेबाने दुसऱ्या डंपरवाल्याला हाक मारली. तो टेकडीच्या मागच्या अंगाला राहणारा. त्याने काठावरून वाकून बघितलं आणि सिगारेट पेटवली. तिसऱ्याने तर इंजिनच बंद केलं. साहेब स्वतः शिडीकडे निघाला, तेव्हा कर्टिस प्रेमाने म्हणाला, "हलवा तुम्ही. फक्त तुमची गाडी रात्री कुठे असते तेवढं सांगून ठेवा." साहेबाने जरा विचार केला आणि नगराध्यक्षांना फोन लावला.

लेनी आला. खुर्ची त्याने लांबूनच ओळखली. डंपरांची रांग चर्चपर्यंत गेलेली, बघ्यांची गर्दी, आणि हलवणार कोण तर आता तोच. तो काठाशी आला. खोल बाजूची ती निळी भिंत, ती शिडी. त्याने पन्नास वर्षांत इकडे पाऊल टाकलं नव्हतं. तलावात थेंबभर पाणी नाही, तरी शिडी उतरताना त्याच्या कपाळावर घाम आला. खाली पोचून खुर्चीसमोर उभा राहिला. हात पुढे केला. हात जाईना. गावचं माणूस, हात जाणार कसा?

"शेवटी उतरलास म्हणायचा," उथळ बाजूकडून आवाज आला. बर्नी कॉफीचा थर्मास घेऊन उतारावरून येत होती.

"मिस बर्नी, ही काय पोरकटपणाची गोष्ट झाली? न्या ती खुर्ची."

"आता इथे कोंबडी नाही, लेनी. माझं ऐकून घे."

तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्याच्या हातात दिली.

"गेल्या उन्हाळ्यात कोनीच्या नातीला नदीतून केसाला धरून ओढून काढली. होड्यांच्या धक्क्यावर. तू होतास तिथे."

"होतो."

"तिला तरंगता आलं असतं तर ती पडून राहिली असती पाठीवर, आरामात. आता शाळेत जाणारी सगळी पोरं तशीच आहेत. तलाव बंद झाल्यापासून एकालाही येत नाही. आणि घराघराच्या मागे नदी आहे. मला झोप लागत नाही रे."

लेनीने कॉफीचा घोट घेतला. "गाड्यांचं काय करू? लोक माझा जीव खातात."

"तू पाण्याला घाबरतोस म्हणून गावाला पाणीच नको, असं आहे का?"

हे त्याला झोंबलं. कानापर्यंत लाल झाला. वर कर्टिस आणि मंडळी कान देऊन उभी. "मी नगराध्यक्ष आहे, मिस बर्नी," तो म्हणाला.

"आहेसच. मीही मत दिलं होतं. पण तलाव भरला की पहिला तू उतरायचंस. तुझी कँडी राहिलीय."

"तलाव भरणारच नाहीये," लेनी म्हणाला आणि शिडी चढून गेला. खुर्ची होती तिथेच राहिली. डंपर माती घेऊन परत गेले.

संध्याकाळी बर्नी किराण्याच्या पिशव्या घेऊन चर्चपासून टेकडी चढत होती. दर दोन घरांआड थांबत, कठड्याला धरत. कोनी खिडकीतून बघत होती. बोलणं सोडलं होतं, बघणं थोडंच सोडलं होतं? ही बाई तलावापायी स्वतःची जागा सोडून बसलीय, हे तिच्या लक्षात आलं, आणि धक्क्यावरची ती दुपारही तिला आठवली. सकाळी उठून कोनीने आपल्या दारासमोरची हिरवी घडीची खुर्ची उचलली, फावडं घेतलं आणि तलावात जाऊन बर्नीच्या जागेशेजारी जागा उपसली.

बर्नी थर्मास घेऊन पोचली तेव्हा कोनी तिथेच होती.

"ती जरा तिरकी आहे," बर्नी म्हणाली.

"तुझी तिरकी आहे," कोनी म्हणाली. "माझी सरळ आहे."

मग दोघी एकाच झाकणातून कॉफी प्यायल्या.

त्यानंतर रीघ लागली. कर्टिसने बार्बेक्यूजवळची लोखंडी खुर्ची आणली. कोणी आजोबांची डुलती खुर्ची, कोणी बाळाची उंच खुर्ची. फादरांनी चर्चमधली एक आणली आणि म्हणाले, विचारून आणलीय, कोणाला ते विचारू नका. जो तो आपली जागा उपसायचा, म्हणून आठवड्याच्या आत तलाव झाडून काढल्यासारखा स्वच्छ झाला. माती टाकायला हाताएवढी जागा उरली नाही.

शुक्रवारी दुपारी लेनी मासे खायला निघाला. अग्निशामक केंद्राच्या दारासमोरच जागा रिकामी. त्याने गाडी लावली आणि आतच बसून राहिला. लेंटमधल्या शुक्रवारी तिथे जागा मिळालेला माणूस त्याने उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. त्याने गाडी परत काढली आणि टेकडीवर चक्कर मारली. जिकडेतिकडे जागा. बाचाबाची नाही, हॉर्न नाही. आठवडाभर एक तक्रार आली नव्हती, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

आत कर्टिस पावाबाहेर वीतभर आलेला मासा खात होता. लेनी त्याच्यासमोर बसला. "कर्टिस, गाव सोडून गेलं का कोणी?"

"नाही. का?"

"मग इतक्या जागा आल्या कुठून?"

कर्टिसने घास गिळला. "जागा होत्याच की. दिवसभर खुर्च्या बसायच्या त्यांच्यावर. आम्ही कामावर, आणि खुर्च्या रस्त्यात. आता खुर्च्या तलावात आहेत."

लेनीने कपाळाला हात लावला. मग हसायला लागला. असा हसला की पलीकडच्या टेबलावरची बर्नी वळून बघायला लागली. गाड्यांच्या तळासाठी हा गडी जिवाचं रान करत होता, आणि तळ सगळ्यांच्या दारात होता.

पक्क्या मतदानाला हॉलमध्ये सगळे उभेच, कारण बसायच्या खुर्च्या सगळ्या तलावात. नगरसेवकसुद्धा उभे. लेनीने कोंबडी हातात घेतली, मान न पिळता बाजूला ठेवली आणि सांगितलं की वॉशिंग्टनचा पैसा तलावाला लागेल. नळ, फरशी, गाळणी, सगळं नवं. सगळे हात वर गेले. नगरपालिकेच्या वकिलाने विचारलं, काम सुरू करायचं तर खुर्च्यांचं काय?

"ज्याची त्याने न्यावी," लेनी म्हणाला. "मी हात लावणार नाही."

"आणि तुझं ठरलेलं?" मागून बर्नीचा आवाज आला. "पहिला कोण उतरणार?"

लेनीने हात वर केला. "मी," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या बऱ्याच जणांना कशाबद्दल ते माहीत होतं.

वर्षभर काम चाललं. पुढच्या जूनमध्ये तलाव भरला. उद्घाटनाला अख्खं गाव आलं, ओहायोवालेसुद्धा. फीत कापायला वेळ नव्हता कोणाला. लेनी गुडघ्यापर्यंतची, ताडाच्या झाडांची चित्रं असलेली चड्डी घालून पायऱ्यांवर उभा होता, पोट आत ओढून. बर्नी पाण्यात छातीइतकी उभी, गळ्यात शिट्टी.

"ये," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

तो आला. तिने तळहात त्याच्या पाठीखाली धरला. फळीसारखा ताठ, अगदी तसाच. तिच्या हाताला लख्ख ओळख पटली. "कान पाण्यात जाऊ देत, लेनी. आकाशाकडे बघ. आणि गप्प राहा, मला जमत नाही ते तू कर." त्याने डोळे घट्ट मिटले, मग उघडले. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, मग मान, मग ते मोठं पोट. बर्नीने हात काढून घेतला.

काठावर कोनीने कोंबडीची मान पिळली. गाव श्वास रोखून उभं. कोनीची नात दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. पुढचा नंबर तिचा होता. बर्नी पायऱ्यांशी गेली आणि पेटी उघडून नारिंगी कँडी काढली. जुन्या दुकानवाल्याच्या मुलाकडून ती खास मागवून घेतली होती.

कोंबडी टर्रर्र वाजली. सगळं गाव ओरडलं, शिट्ट्या, टाळ्या, कर्टिसने टोपी पाण्यात फेकली. लेनीला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याचे कान पाण्याखाली होते. तो आकाशाकडे बघत तसाच पडून राहिला, आणि सावकाश तरंगत खोल बाजूला निघाला.

"हाक मार की त्याला," कोनी म्हणाली.

"राहू दे," बर्नी म्हणाली. कँडी वितळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. तिने हात पुसला नाही.